आत्याबाईचं डावं दार

सुमनताईंनी फोनवर मला एकच प्रश्न विचारला. गाडी किती चालली, टायर कधीचे, ॲव्हरेज काय, आत झोपायला जागा किती, हे सगळे विचारतात. त्यांनी विचारलं नाही.

"डाव्या बाजूचं दार बदललंय का हो?"

"नाही," मी म्हणालो. "रंग दिलाय. आतली कडी दोनदा बदलली."

"म्हणजे पत्रा तोच हाय ना? कडीखाली रिव्हेट मारलेला?"

"तोच आहे."

त्या म्हणाल्या, "मग तसंच राहू द्या. तसंच आणा. गाडी मी घेतली."

घासाघीस नाही, बघायला येणं नाही. सुरगाण्याच्या डोंगरातल्या, कधी न पाहिलेल्या एका बाईंनी आमची गाडी फोटोवरून घेतली होती, आणि त्यांना दार हवं होतं. नेमकं तेच दार, ज्याच्यामुळे मी गाडी विकायला काढली होती.

गंगापूर रोड

आत्याबाई म्हणजे आमचा ट्रक. आम्ही नाशिकला गंगापूर रोडवर राहतो, आणि मी पिंपळगाव बसवंतला कोल्ड स्टोरेजची यंत्रं सांभाळतो. सात वर्षांपूर्वी मालेगावच्या भंगार बाजारात एक जुना, चारही चाकांना ताकद असलेला ट्रक दिसला. विकणारा प्रामाणिक होता. म्हणाला, "पानी में गयी हुई गाडी है साब, बाकी एकदम कडक." मी इंजिन उघडून पाहिलं आणि घेतली. मंजिरी, माझी बायको, नाशिकरोडला सरकारी कचेरीत आहे. तेव्हा आमचं नवीन लग्न झालेलं. दीड वर्षं आमचे सगळे रविवार पिंपळगावच्या एका शेडमध्ये गेले. एका बंद पडलेल्या कोल्डरूमची जाड पॅनेलं कापून मी ट्रकच्या पाठीवर खोली बांधली. मंजिरी माझा जुना शर्ट घालून फटींमध्ये सीलंट भरायची. आत दोन माणसांचा बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी, पुस्तकांची एक फळी. चढाला लागली की गाडी कुरकुर करायची, पण न बोलावता कुठेही जाऊन पोचायची, म्हणून तिचं नाव आत्याबाई पडलं.

आत्याबाईनं आम्हाला कच्छ दाखवलं, हंपी दाखवली, स्पितीत बर्फात अडकवून तीन दिवस नुसता भात खायला लावला. तिला एकच खोड होती. ड्रायव्हरच्या शेजारचं, डावीकडचं दार मधूनच उघडायचं. मी यंत्रं दुरुस्त करणारा माणूस, मला 'आपोआप' हा शब्द सहन होत नाही. आपोआप काही होत नसतं. कारण सापडलेलं नसतं, एवढंच. मी कडी बदलली, बिजागरी बदलली, गाडी खड्ड्यांतून पळवली, उतारावर तिरकी उभी केली. दार ढिम्म. पण कच्छमधली एक खाडी, कर्नाटकातला एक ओढा, मनमाडजवळचा एक पाझर, या तिन्ही ठिकाणी ते खट् आवाज करून सताड उघडलं. तिन्ही वेळा चाकं पाण्यात होती. हे मंजिरीनंच माझ्या लक्षात आणून दिलं. मी हसलो होतो.

मग ईरा झाली.

गेल्या वर्षी गणपती विसर्जनानंतरच्या रविवारी आम्ही तिघं पेठ रोडनं निघालो. ईरा सहा महिन्यांची होती. करंजाळीच्या पुढे आतल्या रस्त्याला एक नदी लागली. तिच्यावर बुटका सिमेंटचा पूल होता, ज्याला आपल्याकडे फरशी म्हणतात. फरशीवरून पाणी वाहत होतं. मला अंदाज होता, वीतभर असेल. आत्याबाईला वीतभर म्हणजे काहीच नाही. मी लो गिअर टाकला. पुढची चाकं पाण्यात गेली आणि दार उघडलं. मंजिरी ईराला छातीशी धरून बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती सरळ खाली उतरली आणि घोट्याएवढ्या पाण्यातून चालत काठावर जाऊन उभी राहिली.

मी ओरडलो. चालत्या गाडीतून लेकराला घेऊन कुणी उतरतं का? तीही ओरडली. तिच्या ओरडण्यातला अर्धा भाग मला नदीच्या आवाजात ऐकू आला नाही. मी गाडी मागे घेतली आणि घरी येईपर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही. रात्री ईराला झोपवून ती म्हणाली, "ते दार हिच्या बाजूला आहे. मी आता बसणार नाही." दुसऱ्या आठवड्यात मी जाहिरात टाकली.

जाहिरातीत दाराबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. ही चूक माझी. सुमनताईंचा फोन येऊन गेल्यावरही मी गप्प राहिलो. ठरवलं, गाडी पोचवायला स्वतः जाऊ आणि तोंडावर सांगू.

जानेवारीतल्या एका सकाळी मंजिरी ईराला कडेवर घेऊन खाली पार्किंगमध्ये आली. तिनं गाडीला हळदकुंकू लावलं. ईरा सगळ्यांकडे बघून हसते. त्या दिवशी ती डाव्या खिडकीकडे बघून हात हलवत होती. लहान मुलं काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबाला हात करतात. मी तसंच समजलो.

करंजाळीच्या पुढे

सुरगाण्याला जायला दिंडोरी-वणीचा रस्ता सोपा. मी पेठचा धरला. लांब पडतो, आणि त्या नदीवरून जावं लागतं. का धरला, याचं उत्तर मला तेव्हाही नीट देता आलं नसतं. बहुतेक मला ती नदी जिंकायची होती.

शहर संपलं की थोडा वेळ द्राक्षबागा सोबत करतात, मग त्याही मागे राहतात. घाट चढला की माती लाल होते आणि दोन्हीकडे कापलेल्या भाताची खुंटं दिसू लागतात. एका टपरीवर चहा घेतला. टपरीवाल्या बाईंनी गाडीभोवती एक चक्कर मारली, मागच्या खोलीत डोकावल्या आणि म्हणाल्या, "घर हाय की हे!" मग पुढच्या केबिनकडे हात करून विचारलं, "त्यांना नको चहा?"

"एकटाच आहे मी."

त्यांनी पुन्हा एकदा केबिनकडे पाहिलं, पदरानं कपाळ पुसलं आणि किटली खाली ठेवली. काचेवर उन्हाची तिरीप होती. काहीही दिसू शकतं.

नदीपाशी पोचलो तेव्हा अकरा वाजले असतील. पात्र जवळजवळ कोरडं होतं. मधून दोन हात रुंदीची पाण्याची धार, काठाला बगळे, आणि कुठलाच आवाज नाही. पावसाळ्यात ज्या नदीत मला बायकोचं ओरडणं ऐकू आलं नव्हतं, तिथे आता बगळ्याचं पाऊल वाजलं असतं. मी गाडी काठावर उभी केली आणि फरशीवर चालत गेलो.

तीन ट्रक एकामागे एक उभे राहतील एवढी फरशी शाबूत होती. पुढे फरशी नव्हती. सिमेंट मोडून पडलं होतं, तुटलेल्या कडेतून गंजलेल्या सळया वाकून खाली गेल्या होत्या, आणि मध्ये दीड पुरुष खोल खड्डा होता. पलीकडचा तुकडा वीस-पंचवीस पावलांवर पुन्हा सुरू होत होता.

काठावर एक म्हातारे बाबा शेळ्या चारत होते. मी त्यांना हाक मारली. "बाबा, ही फरशी कधी गेली?"

"पोळ्याच्या आधी. लय मोठा पूर आलता."

"पोळ्याच्या आधी? नक्की?"

"माझी शेळी गेली त्याच पुरात. इसरंन का मी?"

"अहो, मी गणपतीनंतर इथे आलो होतो. पाणी नुसतं वरून वाहत होतं."

बाबांनी काठी टेकली. "वरून पाणी सारखंच दिसतं ना. खाली फरशी हाय का नाय, पाणी थोडंच सांगतंय? पाटी लावलीती, ती बी वाहून गेली." मग माझ्याकडे निरखून पाहत म्हणाले, "तुम्ही फिरलात ना माघारी? मग झालं तर."

मी तुटलेल्या कडेवर खाली बसलो. तीन ट्रकांचं अंतर म्हणजे लो गिअरमध्ये किती सेकंद, हा हिशोब डोकं आपला आपण करत होतं आणि मला तो थांबवता येत नव्हता.

मागच्या टेकाडावर चढलो तेव्हा मोबाईलला रेंज आली. मंजिरीला सगळं सांगितलं. तिचा श्वास ऐकू येत होता, मागे ईराचं काहीतरी बडबडणं चालू होतं.

"एक विचारू?" ती म्हणाली. "तू त्या दिवशी मला 'उतर' का म्हणालास? आणि वर परत का ओरडलास?"

"मी कुठे म्हणालो?"

"म्हणालास. दार उघडलं आणि तू म्हणालास, 'उतर.' अगदी कानाशी. म्हणून तर मी उतरले. मी काठावरून तेच ओरडत होते, तूच म्हणालास ना उतर, तूच म्हणालास."

"मंजिरी, मी स्टेअरिंगला होतो. तू माझ्या डाव्या बाजूला. कुठल्या कानाशी?"

तिनं ईराला उचलून घेतलेलं ऐकू आलं.

"डाव्या," ती म्हणाली. "दाराकडच्या."

मला गाडी तिथेच सोडून एसटीनं घरी यावंसं वाटलं. पण सोडणार कुठे? आणि सुमनताईंना काय सांगणार? फरशीच्या खालच्या अंगानं गावकऱ्यांनी पात्रातून कच्ची वाट काढली होती. मी केबिनमध्ये बसलो. डाव्या दाराची कडी लावली, ओढून पाहिली, दोरीनं सीटच्या नळीला बांधली. मग गाडी पात्रात घातली.

पाणी नडगीला लागेल एवढंसुद्धा नव्हतं. चाकं धारेत गेली. आधी दोरीची गाठ सुटली. मी पाहत होतो. गाठ ओढली गेली नाही, तुटली नाही. सावकाश सैल होत गेली आणि दोरी सीटवर पडली. मग खट्. दार उघडलं आणि उघडंच राहिलं. वाट उजवीकडे कललेली होती, म्हणजे दार मिटायला हवं होतं. ते मिटलं नाही, हललंही नाही. कुणीतरी अदबीनं धरून ठेवावं तसं उघडं राहिलं, आणि बाहेरून गार पाण्याचा, चिखलाचा वास आत आला. भर पावसाळ्यातल्या पुराचा वास, जानेवारीत.

मी उतरलो नाही. ओरडलोही नाही. गाडी तशीच उघड्या दारानं पलीकडच्या काठावर चढवली, थांबवली, वळसा घालून गेलो आणि दार लावलं. ते अगदी साध्या दारासारखं लागलं.

वेशीवरचे खांब

सुमनताईंच्या गावाचं नाव लिहीत नाही. त्यांनी तशी विनंती केली आहे. उन्हं कलताना मी तिथे पोचलो. या भागात गेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी लाकडी खांब उभा करतात. गावाच्या वेशीवर सागाच्या झाडांखाली असे सात-आठ खांब होते. प्रत्येकावर वर चंद्र-सूर्य, खाली घोड्यावर बसलेला माणूस. आमच्याकडे गेलेल्या माणसाचा फोटो भिंतीवर टांगतात आणि वर्षाच्या आत त्याच्यावर धूळ बसते. इथे माणूस घोड्यावर बसून ऊनपाऊस खात वेशीवर उभा असतो, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतो. मला ते आवडलं. एकेक बघत गाडी हळू चालवत होतो.

शेवटच्या खांबावर घोडा नव्हता. ट्रक होता. कोरणाऱ्यानं चार चाकं, टप, पुढचे दिवे सगळं मन लावून कोरलं होतं. आणि ट्रकचं डावं दार उघडं होतं.

इंजिन बंद पडलं. मी बंद केलं की ते पडलं, हे आता आठवत नाही.

"आलात का?" रस्त्याच्या कडेला एक बाई उभ्या होत्या. पस्तिशीच्या, बारीक अंगाच्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या. हातात स्ट्रॉबेरीचं रिकामं क्रेट. "मी सुमन."

त्यांनी क्रेट खाली ठेवलं आणि गाडीजवळ आल्या. माझ्याकडे, मागच्या खोलीकडे, कशाकडेच त्यांचं लक्ष नव्हतं. त्या थेट डाव्या दारापाशी गेल्या. कडीखाली बोट फिरवत रिव्हेट मोजले. मग सगळा तळवा दारावर ठेवला आणि तसाच राहू दिला, तापलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा.

घरी नेऊन त्यांनी मला पाणी दिलं आणि गप्प बसू दिलं. आमच्या सोसायटीत पाहुणा चपला काढेपर्यंत त्याला चार प्रश्न विचारून झालेले असतात. इथे कुणी काही विचारलं नाही. त्यांची दहा वर्षांची मुलगी, मनीषा, शेजारी बसून शाळेचं काहीतरी लिहीत होती. दिवेलागणीला ताटं आली. नागलीची म्हणजे नाचणीची भाकरी, उडदाची घट्ट आमटी, खुरासणीची काळी चटणी, आणि वाटीत शेतातल्या स्ट्रॉबेरी. नागलीची भाकरी मी नाशिकमध्ये डॉक्टरनं सांगितलं म्हणून खातो. ती इतकी मऊ असू शकते हे मला माहीत नव्हतं. ईराला चारता येईल, असं मनात आलं.

मनीषा आत गेल्यावर मी सांगून टाकलं.

"ताई, मी तुमच्यापासून एक गोष्ट लपवली. ते दार खराब आहे. पाण्यात गेलं की उघडतं. मला कारण सापडलेलं नाही. तुमच्या घरात लेकरू आहे. मी उद्या सुरगाण्याहून वेल्डर आणतो, दार कायमचं बंद करून देतो. नाहीतर सौदा मोडू. पैसे आजच परत करतो."

"दाराला हात लावायचा नाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "कितींदा उघडलं?"

"पाच वेळा. आजचं धरून."

"दर खेपेला पाण्यात?"

"हो."

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग सांगायला लागल्या. एकदाही रडल्या नाहीत.

दहा वर्षांपूर्वी त्यांचे यजमान लक्ष्मण बोअरवेलच्या कामावरचा हा ट्रक चालवायचे; जाहिरातीच्या फोटोतल्या नंबरावरून सुमनताईंनी तो ओळखला होता. डाव्या दाराचा पत्रा त्यांनीच रिव्हेट मारून बसवलेला. तेव्हापासून ते घट्ट झालेलं, आतून लवकर उघडायचं नाही. सुमनताईंचे दिवस भरत आले होते. पावसाळा, मुसळधार. संध्याकाळी पोटात कळा सुरू झाल्या. लक्ष्मणनी त्यांना ट्रकमध्ये बसवलं आणि दवाखान्याकडे निघाले. गावच्या नदीला पाणी होतं, पण जाता येईल असं वाटलं. मध्यावर इंजिन बंद पडलं. पाणी वाढायला लागलं. काठावर गावातली माणसं दोर घेऊन धावली.

"माझ्या बाजूनं काठ जवळ होता," त्या म्हणाल्या. "दार उघडंना. ते माझ्या मांडीवरून आडवे झाले आणि पान्यानं कडीवर ठोके मारायला लागले. पाणी सीटपर्यंत आलं. मग उघडलं. दार पाण्याच्या जोरानं मिटत होतं तर त्यांनी हातानं रेटून धरलं. गडीमाणसांनी दोर टाकला, तो माझ्या काखेतून बांधला. मी म्हणत होते, तुम्ही बी चला. ते काय बोलले नाय. एकच शब्द बोलले."

मला तो शब्द ऐकायचा नव्हता.

"उतर, म्हणाले."

मी मंजिरीचं त्यांना काही सांगितलेलं नव्हतं. आता सांगितलं. फरशीचंही सांगितलं, ईराचंही. सुमनताई ऐकत राहिल्या. घराबाहेर आत्याबाई अंधारत चाललेल्या उजेडात उभी होती आणि आम्ही दोघंही तिकडे बघायचं टाळत होतो.

"मला काठावर ओढलं आणि गाडी कलली," त्या म्हणाल्या. "गाडी चार दिवसांनी सापडली, खाली, वळणावर. मालकानं भंगारात घातली. ते सापडले नाय. त्याच रात्री मनीषा झाली."

मग त्यांनी विचारलं, "तुमची लेक किती महिन्यांची?"

"दहा."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. एवढंच.

नदी

मला झोप लागली नाही. उजाडलं तेव्हा दारापुढचा आंबा दिसत नव्हता, एवढं धुकं. मनीषा शाळेत गेली. सुमनताई धुतलेली साडी नेसून आल्या.

"एक काम करायचं हाय. मला गाडीत बसवून नदीतून न्या. मग गाडी माझी."

"ताई, कशाला?"

"पाणी घोट्याएवढं हाय. भिऊ नका."

पाण्याला मी भीत नव्हतो. त्या डाव्या सीटवर बसल्या. दहा वर्षांनी. पाय नीट जुळवून, हात मांडीवर, एसटीत बसल्यासारख्या. जुन्या पुलाचे नुसते खांब उरले होते, गाडीवाट पात्रातूनच होती. मी उतरणीला लागलो. धुक्यात पलीकडचा काठ नव्हता, मागे वळून पाहिलं तर अलीकडचाही नव्हता. नुसतं पांढरं, आणि चाकांखाली गोट्यांचा आवाज. मग गोट्यांचा आवाज थांबून पाण्याचा सुरू झाला. मी श्वास धरला.

खट्.

दार उघडलं. तोच वास आत आला, पुराचा, चिखलाचा, उन्मळलेल्या झाडाचा. माझा पाय ब्रेकवर गेला. गाडी मध्यावर थांबली. दार पूर्ण उघडं, निश्चल. त्याच्या पलीकडे धुकं, आणि धुक्यात दाराच्या कडेशी, हात रेटून धरल्याच्या उंचीवर, पांढऱ्यात किंचित दाट असं काहीतरी. मी ते पाहिलं असं शपथेवर सांगणार नाही. मी यंत्राचा माणूस आहे. मी स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरून होतो, इतकं सांगतो.

सुमनताई उतरल्या नाहीत. घाबरल्याही नाहीत. त्या थोड्या बाहेर झुकल्या, आणि घरातल्या माणसाशी बोलतात तशा आवाजात बोलल्या.

"अहो, पाणी नाय आज. बघा ना खाली. घोट्याएवढं हाय."

नदी खळखळत होती.

"पोरगी झाली. मनीषाच नाव ठेवलं, तुम्ही म्हटलं होतं ते. पाचवीला हाय. गणितात हुशार हाय, तुमच्यावर गेलीय." त्या थांबल्या. कुणाचं तरी ऐकून घ्यावं तशा थांबल्या. "ह्यांची बी पोरगी तुम्ही उतरवली. लय झालं आता. हात दुखले असतील."

मग त्यांनी हात बाहेर काढला, दाराच्या कडेवर ठेवला. त्यांची बोटं एकदा मिटली, एका जागी, जिथे नुसता पत्रा होता तिथे, पत्र्यापेक्षा जाड काहीतरी धरावं तशी. क्षणभर तशीच राहिली.

"सोडा," त्या म्हणाल्या.

दार हललं. आधी हललं आणि मग त्यांनी ओढलं, हा क्रम मी पाहिला आहे. त्यांनी ते ओढून घेतलं आणि लावलं. आत आलेला वास हळूहळू गेला. राहिला तो नुसता डिझेलचा आणि त्यांच्या डोक्याला लावलेल्या तेलाचा.

"चला," त्या म्हणाल्या. तेव्हा पहिल्यांदा त्यांचा आवाज फाटला. मी गाडी पलीकडे चढवली आणि खाली उतरून धुक्यात लांब जाऊन उभा राहिलो, म्हणजे त्यांना हवं तेवढं रडता यावं. त्या खूप वेळ रडल्या.

धुकं विरायला लागलं तसा काठ दिसला, मग झाडं, मग वरची स्ट्रॉबेरीची शेतं, पांढऱ्या प्लास्टिकखाली ओळीनं. सुमनताई खाली उतरून नदीवर तोंड धुऊन आल्या. वळसा घालून उजव्या बाजूला गेल्या, ड्रायव्हरचं दार उघडलं आणि वर चढून बसल्या.

"आता शिकवा मला."

"तुम्ही चालवणार?"

"स्ट्रॉबेरीचा पिकअप मीच नेते वणीपर्यंत. मोठ्या गाडीचं लायसन टाकलंय काढायला. तोवर गावातल्या गावात चालवीन. हिवाळ्यात शेतावर पाहुणे येतात, त्यांना राहायला होईल ही खोली." त्यांनी सीट पुढे ओढली. "लोकांना मी एवढंच सांगणार हाय."

मग मी माझ्याच गाडीच्या डाव्या सीटवर बसलो. सात वर्षांत कधी बसलो नव्हतो. तिथून रस्ता वेगळा दिसतो. काठ जवळ वाटतो, आणि हातात काहीच नसतं. मंजिरी हजारो किलोमीटर अशी बसली होती, याचा मी कधी विचार केला नव्हता.

मी लो गिअर कुठे, क्लच किती जड, उतारावर काय करायचं नाही, सगळं सांगितलं. त्यांनी दोनदा गाडी बंद पाडली, तिसऱ्यांदा उचलली. शेताच्या कडेनं तीन चकरा मारल्या. मग त्यांनी न विचारता गाडीचं नाक नदीकडे वळवलं आणि ती पाण्यात घातली. मी डाव्या दाराकडे पाहत राहिलो. काही झालं नाही. माझ्या शेजारी नुसता पत्रा होता.

दुपारी त्यांनी मला गावच्याच फाट्यावर सोडलं, तिथून काळी-पिवळी जीप वणीला जाते. मी उतरण्याआधी त्यांनी नागलीच्या पिठाची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. "लेकीला पेज करून घाला. दात यायला बरी असते."

मी आत्याबाईची सगळी कागदपत्रं दिली, जादा किल्ली दिली, स्टार्टर कधी रुसतो ते सांगितलं. आणखी काही सांगायचं राहिलंय असं वाटत होतं. तोपर्यंत त्यांनी पहिला गिअर टाकला होता. गाडी चढाला कुरकुरली आणि निघाली. मी हात केला. त्यांनी केला नाही. दोन्ही हात स्टेअरिंगवर होते, मान थोडी पुढे काढलेली, आणि डोळे समोरच्या वळणावर.